ताडपत्राचं एक सुटं पान घरात सापडलंय? मग पुसायला घेऊ नका, आधी हे वाचा

आजीची ट्रंक उघडली तेव्हा शालूच्या घडीत, डांबरगोळ्यांच्या वासात, एक लांबडी तपकिरी पट्टी निघाली. आम्हाला वाटलं जुन्या पंख्याची पाती असेल. आजोबा लढाईच्या आधी काही वर्षं रंगूनला नोकरीला होते एवढंच घरात माहीत होतं, पण तिकडून ते काय घेऊन आले हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. ती पट्टी म्हणजे बौद्ध पोथीचं एक पान होतं, ताडपत्रावर हाताने कोरलेलं, आणि त्याच्याशी झटापट करता करता मी ज्या चुका केल्या आणि जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय. मी काही तज्ज्ञ वगैरे नाही, लिपीही घरीच बसून शिकलोय. पण अगदी नव्या माणसाला पहिल्या महिन्यात काय लागतं ते मला नीट आठवतंय, आणि ते तज्ज्ञांच्या लेखांत सापडत नाही, कारण ते सुरुवातच मधून करतात.

जे काही सांगतोय ते मुख्यतः बर्मी, म्हणजे म्यानमारच्या पानाबद्दल आहे: लिपी बर्मी, पण भाषा पाली, म्हणजे बौद्ध ग्रंथांची जुनी भाषा. श्रीलंकेचं किंवा थायलंडचं असेल तर फरक कुठे पडतो ते येईलच पुढे.

सगळ्यात आधी: काहीही करू नका

खरंच. मी काय केलं, तर ओल्या फडक्याने पुसलं. धूळ होती, पुसावीशी वाटली. दोन अक्षरांतली काळी शाई फडक्यावर आली आणि तिथली अक्षरं आता नुसत्या ओरखड्यासारखी दिसतात. झालं कसं ते कळायला आधी ही पानं लिहितात कशी ते माहीत हवं.

ताडपत्र म्हणजे ताडाच्या जातीतल्या झाडाचं पान. चांगल्या पोथीसाठी श्रीताड वापरतात, त्याचं पान आपल्या नेहमीच्या ताडगोळ्यावाल्या ताडापेक्षा मऊ, रुंद आणि लवचिक असतं. (हे श्रीताडाचं झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग मरतं, हे वाचलं तेव्हा मी उगाचच थोडा वेळ गप्प बसलो होतो.) न उघडलेली कोवळी पानं कापायची, मधली शीर काढायची, मग वाळवायची, दाबायची, घासून गुळगुळीत करायची. श्रीलंकेत आधी उकळतातसुद्धा. त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीने अक्षर *कोरायचं*. कोरलेलं अक्षर त्या वेळी जवळजवळ दिसतच नाही. नंतर सगळ्या पानावर काजळी आणि तेल चोळायचं आणि वरचं पुसून टाकायचं, मग काळं राहतं ते फक्त खाचेत. बर्मामध्ये या कामाला जमिनीतून निघणारं खनिज तेल वापरायचे.

म्हणजे अक्षर आहे खाचेत आणि काळेपणा आहे वरून भरलेला. ओलं फडकं, बेबी वाइप्स, खोडरबर यातलं काहीही लावलं की तो काळेपणा निघतो. खोबरेल तेल लावा असं घरातली मोठी माणसं हमखास सांगणार, तेही लावू नका, धूळ चिकटते आणि डाग कायमचा बसतो. धूळ फारच असेल तर मऊ कोरड्या ब्रशने, पेंटिंगच्या दुकानात मिळतो तसल्या, पानाच्या लांबीच्या दिशेने हलकेच झटका. बास.

आणि कृपा करून लॅमिनेट करू नका. हे सांगावं लागतं कारण मी एक लॅमिनेट केलेलं पान डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या एका ओळखीच्यांचं पान फ्रेमवाल्याने ब्राऊन टेपने पुठ्ठ्याला चिकटवून दिलं होतं, छान पिवळ्या लाइटखाली हॉलमध्ये, आणि टेप काढताना पानाचा पापुद्रा टेपबरोबर आला.

हात धुवून, अगदी कोरडे करून पान उचला. कापडी हातमोजे नकोत, त्यांचे धागे पानाच्या फाटक्या कडेत अडकतात. एका टोकाला धरून उचलायचं नाही, खाली पुठ्ठा सरकवून पुठ्ठ्यासकट उचला.

हे खरंच ताडपत्र आहे का

लूप किंवा भिंग घ्या, नाहीतर मोबाईलचा मॅक्रो मोड. खऱ्या पानावर लांबीच्या दिशेने बारीक समांतर शिरा दिसतात. अक्षराची खाच दिसते, आणि काळं हे खाचेच्या आत असतं. काळं वर बसलेलं असेल, खाच नसेल, तर एकतर छापलंय किंवा ते शाईने लिहिलेलं वेगळ्या परंपरेचं पान आहे, त्याच्याबद्दल खाली येतंय. भोकांच्या आसपास झीज बघा. पोथीच्या पानाला साधारण दोन भोकं असतात, त्यातून दोरी किंवा बांबूची काडी जायची, आणि शे-दीडशे वर्षं वापरलेल्या पानात ती भोकं घासून थोडी मोठी झालेली असतात. टुरिस्टांसाठी केलेल्या पानात भोक अगदी पंचिंग मशीनने पाडल्यासारखं कडक गोल असतं, रंग चहात बुडवल्यासारखा सगळीकडे एकसारखा, आणि अक्षरं कधीकधी नुसती डिझाइन म्हणून काढलेली असतात, वाचायला गेलं तर काहीच होत नाही.

लाल-सोनेरी रंगाचं, जाड, चकचकीत आणि खूप मोठ्या चौकोनी काळ्या अक्षरांचं काही तुमच्याकडे असेल तर ती वेगळीच गोष्ट आहे. त्याला कम्मवाचा म्हणतात, भिक्खुसंघाच्या विधींचे पाठ, मुख्यतः उपसंपदेचे, म्हणजे भिक्खू म्हणून दीक्षा घेतानाचे. ते लाखेच्या कामाचं असतं, आत बऱ्याचदा कापड असतं, आणि त्या अक्षरांना तिकडे चिंचोक्याची अक्षरं म्हणतात. नाव इतकं चपखल आहे की एकदा ऐकलं की पुन्हा ओळखायला चुकत नाही.

दुकानदार "पाचशे वर्षं जुनं" म्हणाला असेल तर हसून सोडून द्या. त्या हवेत, त्या वाळवीत, ताडपत्र टिकत नाही. पोथी जीर्ण झाली की नवीन नक्कल करायची हीच पद्धत होती, त्यामुळे बर्मातून जे काही आज दिसतं त्यातलं बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं आहे. पाली भाषेतली सगळ्यात जुनी समजली जाणारी ताडपत्रं काठमांडूत आहेत, आठव्या-नवव्या शतकातली, विनयपिटकातल्या (म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या) चुल्लवग्ग या भागाचा तुकडा, आणि तीही किती, तर फक्त ४ पानं. आजोबांच्या पट्टीला उगाच हजार वर्षांचं करू नका.

सरळ कुठलं आणि उलटं कुठलं

हसू नका. मी दोन संध्याकाळी पान उलटं धरून बसलो होतो. बर्मी लिपी म्हणजे सगळी वर्तुळं, कोण सांगणार वर कुठलं आणि खाली कुठलं. (वर्तुळं का, तर सरळ आडवी रेघ ओढली तर शिरेच्या बाजूने पान फाटतं म्हणून, असं सांगतात.)

खूण अशी. अनुस्वार आणि 'इ'ची मात्रा ही अक्षराच्या *डोक्यावर* छोट्या गोलासारखी असतात. 'उ' खाली, एक छोटी उभी काडी, आणि 'ऊ'ला दोन काड्या. जोडाक्षरात दुसरं अक्षर पहिल्याच्या *खाली* लोंबतं, छोटं होऊन. पालीत जोडाक्षरं मुबलक, धम्म, बुद्ध, भिक्खु, सगळीकडे आहेतच, त्यामुळे ओळीच्या कुठल्या बाजूला छोटी अक्षरं लोंबतायत ते बघा, ती बाजू खाली.

दुसरी चूक सगळेच करतात. भोकांच्या भोवती जागा सोडलेली असते त्यामुळे पान तीन कॉलमचं वाटतं आणि आपण पेपर वाचतो तसा आधी डावा कॉलम वाचायला जातो. तसं नाही. ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाते, भोकाजवळ फक्त उडी मारते. घरात जुनी कागदी पोथी असेल, गुरुचरित्राची वगैरे, सुट्या आडव्या पानांची, तर ती काढून शेजारी ठेवा. कागदी पोथीचा तो लांबट आकार या ताडपत्रावरूनच आलेला आहे, आणि पान उलटायचीही पद्धत तीच, पुस्तकासारखं बाजूला नाही तर खालची कड उचलून वर.

फोटो

पान हाताळायचं एकदाच, नंतर सगळं काम फोटोवर. खिडकीजवळ, पण उन्हात नाही. खाली काळा किंवा करडा कागद, शेजारी पट्टी. आधी दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो. मग डावीकडून उजवीकडे तुकड्या-तुकड्याने क्लोजअप, प्रत्येक फोटोत आधीच्याचा थोडा भाग यायला पाहिजे, नाहीतर नंतर जुळवताना डोकं धरायची वेळ येते. माझं पान जेमतेम ५० सेंटीमीटर लांब आणि ६ सेंटीमीटर रुंद, एका बाजूला ९ ओळी, त्याला मला एका बाजूचे सहा क्लोजअप लागले.

जिथे काळं उडालंय तिथे फ्लॅश मारू नका. खोलीत अंधार करून दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. तिरका उजेड पडला की खाचेची एक बाजू उजळते आणि दुसरीची सावली पडते, आणि पुसलेलं अक्षर चक्क परत येतं. मी फडक्याने घालवलेली दोन अक्षरं मला अशीच वाचता आली, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

कुठल्या देशाचं

गोलगोल, स्वच्छ, वर्तुळांची माळ दिसत असेल तर बर्मी. गोल आहे पण प्रत्येक अक्षराला नक्षीदार आकडे, गाठी, वेलबुट्टी असेल तर सिंहली. थायलंडच्या मध्य भागातल्या पोथ्या खोम नावाच्या लिपीत असतात, ती ख्मेर लिपीची बहीण, अक्षरांच्या डोक्यावर तुऱ्यासारखं काहीतरी असतं आणि एका बाजूला बहुतेक ५ च ओळी. उत्तर थायलंड आणि लाओसची लिपी बर्मीसारखीच गोल दिसते आणि नवशिक्याला हमखास फसवते.

आणि शाईने लिहिलेलं असेल, डोक्यावर रेघ असेल, अधूनमधून अक्षरं ओळखीची वाटत असतील, तर ते नेपाळ किंवा जुन्या बिहार-बंगालकडचं असू शकतं, आणि भाषा पाली नसून संस्कृत असेल. तिकडे अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता या महायान बौद्ध ग्रंथाच्या नकला खूप व्हायच्या. केंब्रिज विद्यापीठाच्या लायब्ररीत १०१५ सालची नेपाळची चित्रांसकट एक पोथी आहे, ऑनलाइन झूम करून बघता येते, बघाच. पण तसलं पान तुमच्या ट्रंकेत निघालं तर हा लेख बंद करा आणि थेट जाणकार गाठा.

पानाचा नंबर: इथे आपली बाराखडी कामाला येते

हा माझा सगळ्यात आवडता भाग. पानाच्या मागच्या बाजूला डाव्या समासात एक सुटं अक्षर असतं. तो पान नंबर. आणि नंबर कसे, तर क, का, कि, की, कु, कू, के, कै, को, कौ, कं, कः. बारा पानं झाली की ख, खा, खि, खी. मग ग. चक्क बाराखडी! आपण पहिलीत पाटीवर गिरवलेली. बारा पानांचा एक गठ्ठा, त्याला तिकडे अंगा म्हणतात, आणि पोथी किती मोठी हे इतके अंगा आणि वर इतकी पानं असं मोजतात.

माझ्या पानावर 'घो' आहे. क, ख, ग यांचे बारा-बारा झाले ३६, आणि घ मधलं नववं, म्हणजे पान ४५. मी हे बोटांवर मोजलं तेव्हा आई शेजारी भाजी निवडत होती, म्हणाली बाराखडीचा उपयोग बर्मात होतो हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.

पण नंबर कळला म्हणजे ग्रंथ कळला असं नाही हं. पान ४५ कशाचं, ते पुढे. आणि तारीख शोधू नका. ती फक्त पोथीच्या शेवटच्या पानावर असते. नशिबाने शेवटचंच पान असेल तर तिथे बर्मी शकाचा आकडा असेल, त्यात ६३८ मिळवा. म्हणजे १२३४ असेल तर १८७२. त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी एक जास्त धरावा लागतो. तिथेच कुठेतरी 'निब्बानपच्चयो होतु' असंही भेटू शकतं, हे लिहिल्याचं पुण्य निर्वाणाला कारण होवो, असं. लिहिणारा बहुतेक वेळा एवढंच मागतो.

अक्षरं: एक ओळ तुम्हाला पाठ आहेच

आता लिपी. लोक चार्ट डाउनलोड करतात, ३३ व्यंजनं बघतात आणि तिथेच सोडून देतात. तसं करू नका. महाराष्ट्रात लाखो घरांत रोज म्हटली जाणारी एक ओळ आहे, बुद्धवंदनेची सुरुवात: नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स. पाली ग्रंथाची पोथी सुरू होते ती सर्रास याच ओळीने. म्हणजे तुमच्याकडे कुलुपाची किल्ली आधीपासून आहे, फक्त ती दुसऱ्या लिपीत आहे. इंटरनेटवर कुठल्याही बर्मी पोथीच्या पहिल्या पानाचा फोटो उघडा आणि ही ओळ पुढे धरा.

मोजा. न, मो, त, स्स, भ, ग, व, तो, अ, र, ह, तो, स, म्मा, स, म्बु, द्ध, स्स. १८ घास. आता यात परत परत काय येतंय? 'तो' दोनदा, आठवा आणि बारावा. 'स्स' दोनदा, चौथा आणि अगदी शेवटचा. ते दोन सारखे आकार आधी शोधा. 'स्स' सापडायला सोपा, रुंद आहे, कमानींची रांग लावल्यासारखा. एकदा हे खुंटे ठोकले की मधली अक्षरं आपोआप जागेवर बसतात.

'भगवतो' कडे जरा जास्त वेळ बघा, सगळी लिपी तिथे कळते. 'व' म्हणजे पूर्ण बंद वर्तुळ. 'ग' म्हणजे तेच वर्तुळ पण खालून उघडं. (वरून उघडं असेल तर 'प', उजवीकडून उघडं तर 'ङ'. उघडं तोंड कुठे आहे तेवढंच बघायचं.) 'त' म्हणजे बंद वर्तुळाला चिकटून शेजारी एक कमान. आणि 'तो'मध्ये ओकार दोन तुकड्यांत येतो, एक अक्षराच्या *आधी* आणि काना नंतर. आधी येतो म्हणून बिचकू नका, आपली ऱ्हस्व वेलांटी कुठे नंतर येते? 'कि' लिहिताना आपणही आधी वेलांटीच काढतो की.

आणि एक गंमत. बर्मीत काना म्हणजे साधारण एक कमान. मग बंद वर्तुळ 'व' आणि पुढे काना, म्हणजे 'वा', हे हुबेहूब 'त' दिसेल की नाही? दिसेलच. म्हणून 'व', 'ग', 'प' असल्या अक्षरांना वेगळा उंच काना लावतात, खांबासारखा. 'इति पि सो भगवा' या वंदनेतल्याच दुसऱ्या ओळीत शेवटी तो उंच काना दिसतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी आठवडाभर 'भगत' वाचत बसलो होतो.

या एका ओळीत १३ वेगळी व्यंजनं-स्वर येतात: न, म, त, स, भ, ग, व, अ, र, ह, ब, द, ध. त्यात 'इति पि सो' आणि 'बुद्धं सरणं गच्छामि' घातलं की पानावरचा बराचसा मजकूर अडखळत का होईना वाचता येतो. मला तीन आठवडे लागले, रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास.

एक सांगून ठेवतो, बर्मी माणसाकडून उच्चार ऐकून अक्षरं लावू नका. ते 'स'चा उच्चार 'थ'सारखा करतात आणि 'र'चा 'य'सारखा, त्यामुळे 'तस्स' ऐकताना भलतंच काही वाटतं. लिहिलेलं मात्र अगदी आपल्यासारखंच आहे. आपल्यातल्या कोणी हे आधी केलंय का, तर केलंय. गोव्याच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली श्रीलंकेत गेले, विद्योदय परिवेणात (भिक्खूंच्या विद्यालयात) सुमंगल महाथेर या ज्येष्ठ भिक्खूंकडे पाली शिकले, पुढे बर्मातही राहिले, आणि पाली ग्रंथ देवनागरीत आणायचं काम आयुष्यभर केलं. विसुद्धिमग्ग या प्रसिद्ध पाली ग्रंथाची त्यांची देवनागरी आवृत्ती मुंबईत १९४० साली छापली गेली. त्या मानाने आपल्याकडे गूगल आहे, तक्रारीला जागा नाही.

मजकूर कुठला ते शोधणं

चार-पाच शब्द सलग वाचता आले की इगतपुरी गाठा. म्हणजे जायचं नाही, विपश्यना विशोधन विन्यासाने अख्खा पाली तिपिटक, म्हणजे मूळ बौद्ध ग्रंथांचे तीन संग्रह, अट्ठकथांसकट (त्यांच्यावरच्या जुन्या टीकांसकट) देवनागरीत ऑनलाइन ठेवलाय, फुकट, आणि सर्च करायचं सॉफ्टवेअरही आहे. तो पाठ १९५४ ते १९५६ मध्ये रंगूनला झालेल्या सहाव्या संगायनाचा (भिक्खूंनी एकत्र जमून पाठ तपासायची सभा), म्हणजे मूळ बर्मी परंपरेचाच, त्यामुळे बर्मी पानाशी छान जुळतो. तीच ओळ बर्मी लिपीतही बदलून बघता येते, वाचन बरोबर आहे का ते ताडायला याच्यापेक्षा चांगला मास्तर नाही.

सर्चला शब्द कुठला टाकायचा यात खरी मेख आहे. मी पहिल्यांदा वाचलं ते 'उप्पज्जति हेतुपच्चया'. टाकलं, एंटर मारलं, आणि रिझल्टची रांग संपेचना. कारण माझं पान निघालं पट्ठानाचं, अभिधम्मपिटकातला (तिपिटकाच्या तिसऱ्या संग्रहातला) शेवटचा ग्रंथ, बर्मात अतिशय आदराचा, आणि त्यात 'कुसलं धम्मं पटिच्च कुसलो धम्मो उप्पज्जति हेतुपच्चया' या साच्यातली वाक्यं एक-दोन शब्द बदलून पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा येतात. ग्रंथ कळला एका रात्रीत, नेमकी जागा सापडायला चार महिने गेले. तेव्हा 'भिक्खवे', 'भगवा', 'होति' असले शब्द टाकून काही हाती लागत नाही. नाव शोधा, गावाचं, माणसाचं, झाडाचं, किंवा लांबलचक विचित्र समास. तो एकच शब्द काम करतो.

ओळीत मध्येच दोन दंडांमध्ये एकटाच 'प' दिसला तर गोंधळू नका, तो पेय्याल, म्हणजे "मागच्यासारखंच पुढे" असं म्हणून गाळलेला भाग. देवनागरी छापात तिथे 'पे' दिसेल. लिहिणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ, न-ण यात चुका केलेल्याच असतात, त्यामुळे सापडलं नाही तर वेलांटी बदलून बघा.

आणि एक शब्द जुळतोय, पुढचे चार जुळत नाहीत, मग परत एक जुळतोय, असं होत असेल तर तुम्ही चुकत नाही आहात. ते निस्सय असणार. एक पाली शब्द, मग त्याचा बर्मीत अर्थ, मग पुढचा पाली शब्द, असं. आपल्याकडच्या गाइडमध्ये शब्दार्थ असतात तसंच. बर्मात अशा पोथ्या चिकार आहेत. फक्त पाली शब्द गोळा करून ओळीने लावा, मूळ वाक्य तयार होतं, ते सर्च करा.

ठेवायचं कसं

आम्लरहित कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर स्वच्छ पांढऱ्या सुती कापडात, मांड न घातलेल्या, आणि त्याच्याबाहेर पुठ्ठ्याची सपाट पेटी. गुंडाळायचं नाही, घडी तर नाहीच. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं की पावसाळ्यात आत बुरशी येते, कोकणातल्या आणि मुंबईतल्या लोकांनी हे विशेष लक्षात ठेवा. स्वयंपाकघराची भिंत नको, बाहेरून ओल येणारी भिंत नको, माळा नको. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघायचं, भुसा पडलाय का, बारीक भोकं वाढलीत का. फ्रेम करायचीच हौस असेल तर पानाच्या फोटोची करा. आमच्या हॉलमध्ये फोटोच आहे, पाहुण्यांना फरक कळत नाही.

कायद्याचं आणि विकण्याचं

भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ७५ वर्षांहून जुनं, साहित्याच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाचं हस्तलिखित पुरावशेषात मोडतं. ते परदेशात पाठवता येत नाही, आणि धंदा करायचा तर परवाना लागतो. म्हणजे परदेशातल्या भावाला वाढदिवसाला पाठवणं वगैरे डोक्यातून काढा. उलट बाजूने, म्यानमार किंवा श्रीलंकेला फिरायला गेलात आणि कोणी खरं जुनं पान विकायला आणलं, तर घेऊ नका. तिकडूनही असं बाहेर न्यायला बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सुटं पान बाजारात येतं कसं याचा विचार करा. अख्खी पोथी विकण्यापेक्षा एकेक पान विकलं की पैसे जास्त येतात, म्हणून दोरी कापतात. एकदा पानं पांगली की तो ग्रंथ संपला. बँकॉकच्या बाजारात बर्मी पोथ्या अशा यायला लागल्या तेव्हा १९९४ च्या सुमाराला तिथे काही अभ्यासकांनी त्या वाचवायला एक प्रकल्प सुरू केला, त्याचं नावच 'नाजूक ताडपत्रं' अशा अर्थाचं आहे.

दाखवायचं कोणाला? पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे, १९१७ पासूनचं, हस्तलिखितांसाठी पहिलं नाव तेच. मुंबईत एशियाटिक सोसायटी. विद्यापीठांच्या पाली विभागांत वाचणारी माणसं भेटतात, आणि ती फार आनंदाने वाचून देतात असा माझा अनुभव आहे, फक्त जाताना पान नेऊ नका, फोटो न्या. मी पेन ड्राइव्हवर नेले होते. तिथल्या सरांनी तिसऱ्या ओळीत माझी चूक काढली, मी 'प' वाचला होता तो 'ग' होता, तोंड खाली होतं, मीच स्क्रीनशॉट उलटा सेव्ह केला होता.